साक्षीदार आणि बघे

असिसीच्या संत क्लाराला पोप बारावे पायस यांनी १९५८ साली दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. त्यामागील कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. उतारवयात आजारी असल्यामुळे नाताळच्या रात्रीच्या मिस्सेला जाणे क्लाराला शक्य झाले नाही. परंतु अंथरुणावर पडल्या पडल्या, दूर चाललेली ती उपासना तिला आपल्या खोलीच्या भिंतीवर दिसली आणि ऐकू आली, अशी परंपरा सांगते. जे दूर आहे त्याच्याजवळ मनाने जाता यावे, आजाऱ्याला व एकाकी माणसालाही इतरांच्या सोबत असता यावे, हा या माध्यमाविषयीचा एक उदात्त विचार त्या निवडीमागे होता.

आज आपल्या घरांतही दूरचित्रवाणी संच भिंतीवरच टांगलेला असतो. त्या भिंतीवर काय दिसते? कुठे तरी एखादा शस्त्रधारी माणूस काही निरपराधांना ओलीस धरून बसलेला असतो, कुठे पोलिसांच्या गाड्या एखाद्या पळणाऱ्या मोटारीच्या मागे लागलेल्या असतात, कुठे एखाद्या इमारतीला वेढा पडलेला असतो. आणि पुढच्या क्षणी काय होणार हे ठाऊक नसताना आपण सारे कुटुंब ते पाहत बसलेले असतो. ‘ब्रेकिंग न्यूज’ आणि ‘थेट’ हे दोन शब्द आता आपल्या मुलांनाही पाठ झाले आहेत. बातमी देण्याच्या या प्रकाराकडे एक कथनप्रकार म्हणून पाहावे, त्याची घडण कशी होते ते तपासावे आणि त्यात आपली, म्हणजे पाहणाऱ्यांची, जागा कोणती याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बातमी सांगणे ही मुळात कथनाचीच एक रीत आहे. पोवाडा रचणारा शाहीर, आख्यान लावणारा कीर्तनकार आणि वर्तमानपत्राचा वार्ताहर या तिघांमध्ये कितीही अंतर असले तरी एक गोष्ट समान असते. ते बोलू लागतात तेव्हा घटना घडून गेलेली असते. तिचा शेवट त्यांना ठाऊक असतो, आणि तो ठाऊक असल्यामुळेच काय सांगायचे, काय गाळायचे, कोणाच्या दुःखावर पांघरूण घालायचे हे ते ठरवू शकतात. निवडीचा हा अधिकार म्हणजेच सांगणाऱ्याची नैतिकता होय. थेट प्रक्षेपणात हा अधिकार जवळजवळ सोडून दिलेला असतो. पुढच्या मिनिटाला पडद्यावर मृत्यू येणार आहे की सुटका, हे निवेदकालाही माहीत नसते आणि आपल्यालाही नाही. त्या अनिश्चिततेचेच आकर्षण असते, आणि वाहिनी विकत असते ती वस्तुतः ही अनिश्चितताच.

या प्रकाराचे माहेरघर अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर आहे. ज्या १९५८ साली संत क्लाराच्या नावाची घोषणा झाली, त्याच वर्षी तेथील एका दूरचित्रवाणी केंद्राने हेलिकॉप्टरमध्ये कॅमेरा आणि प्रक्षेपणयंत्र बसवून आकाशातून थेट चित्रे दाखवण्याचा प्रयोग यशस्वी केला. पुढे या कामाची एक पद्धतच बसून गेली. वृत्तकक्षात पोलिसांच्या वायरलेसवरील संभाषण ऐकणारे यंत्र रात्रंदिवस चालू असे. त्यावर एखाद्या पाठलागाचा किंवा गोळीबाराचा उल्लेख येताच कामे नेमून देणारा संपादक हेलिकॉप्टर आणि प्रक्षेपणाची गाडी तिकडे रवाना करी. गाडीवरचा उंच खांब वर चढवला किंवा उपग्रहाशी जोडणी झाली की घटनास्थळ थेट घराघरांत. या साखळीत कुठेही बातमी पडताळून पाहणारा माणूस बसवलेला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. पडताळणीला वेळ लागतो, आणि वेळ वाचवण्यासाठीच तर ही सारी यंत्रणा उभारलेली असते. शिवाय वायरलेसवर जे ऐकू येते ती बातमी नसतेच. ते धावपळीत असलेल्या पोलिसांचे आपापसांतले अर्धवट, पुष्कळदा चुकीचे बोलणे असते.

या पद्धतीचे सामर्थ्य साऱ्या जगाला १७ जून १९९४ रोजी दिसले. पूर्वपत्नी आणि तिचा एक परिचित यांच्या हत्येचा आरोप असलेला प्रसिद्ध फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन एका पांढऱ्या मोटारीतून निघाला. मागे पोलिसांच्या गाड्या आणि वर वृत्तवाहिन्यांची हेलिकॉप्टरे. एका मोठ्या वाहिनीने बास्केटबॉलचा अंतिम फेरीतील सामना पडद्याच्या कोपऱ्यात ढकलून हा पाठलाग दाखवला. सुमारे साडेनऊ कोटी लोकांनी तो पाहिला असा अंदाज केला जातो. काही लोक तर घरातून उठून महामार्गाच्या पुलांवर जाऊन उभे राहिले आणि हात हलवू लागले. दोन माणसांच्या हत्येची बातमी एका संध्याकाळीत जत्रा झाली.

त्या जत्रेची किंमत चार वर्षांनी कळली. ३० एप्रिल १९९८ रोजी त्याच शहरातील महामार्गाच्या एका चौफुलीवर एका माणसाने आपली गाडी थांबवली, वैद्यकीय सेवेच्या विमासंस्थांविरुद्धचा एक फलक रस्त्यावर पसरला आणि अखेर स्वतःवर गोळी झाडून घेतली. वर हेलिकॉप्टरे घिरट्या घालत होती आणि अनेक केंद्रांवरून हे थेट दिसत होते. दुपारची वेळ होती. काही केंद्रांनी मुलांचे कार्यक्रम मध्येच थांबवून हे दृश्य लावले होते. कोणाही संपादकाने मुलांना आत्महत्या दाखवायचे ठरवले नव्हते. परंतु शेवट ठाऊक नसलेली गोष्ट मुलांपुढे उघडायची असे मात्र ठरवले होते, आणि दोष त्या निर्णयात होता. त्यानंतर असे चित्र काही सेकंद उशिराने सोडण्याची खबरदारी काही ठिकाणी घेतली जाऊ लागली. तरीही २८ सप्टेंबर २०१२ रोजी एका राष्ट्रीय वाहिनीवर, पाठलागाच्या शेवटी एका माणसाने केलेली आत्महत्या थेट दिसली. सेकंदांचे ते अंतर ठेवलेले असूनही चित्र वेळेवर तोडले गेले नव्हते. निवेदकाने लगेच क्षमा मागितली. क्षमा प्रामाणिक होती. पण जे दिसले ते पाहणाऱ्यांच्या मनातून पुसणे कोणाच्याही हाती नव्हते.

लोभ केवळ प्रेक्षकालाच महाग पडतो असे नाही. २७ जुलै २००७ रोजी ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरावर, एका पाठलागाचे चित्रण करणारी दोन वृत्तवाहिन्यांची हेलिकॉप्टरे एकमेकांवर आदळली आणि त्यांतील चौघेही जण मरण पावले. दोन्ही वैमानिक हेलिकॉप्टर चालवता चालवता खाली काय चालले आहे याचे वर्णनही करीत होते. एकाच माणसाने उडावेही आणि बोलावेही, ही अपेक्षा चढाओढीतूनच जन्मली होती.

आतापर्यंतच्या उदाहरणांत कॅमेरा घटनेच्या बाहेर, निदान आकाशात तरी होता. तो घटनेच्या आत शिरला म्हणजे काय होते, हे ऑगस्ट १९८८ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीत दिसले. ग्लाडबेक गावातील एका बँकेवर दोघा सशस्त्र दरोडेखोरांनी धाड घातली आणि ओलीस घेऊन ते निघाले. हे प्रकरण तीन दिवस चालले. बँकेत असतानाच वार्ताहरांनी त्यांना दूरध्वनी करून मुलाखती घेतल्या होत्या. ब्रेमेन शहरात त्यांनी प्रवाशांनी भरलेली बस पळवली. त्या प्रवासात पंधरा वर्षांच्या एका मुलाला त्यांनी ठार मारले. पुढे कोलोनच्या भर बाजारपेठेत त्यांची मोटार थांबली तेव्हा पत्रकारांनी तिला गराडा घातला. आत एका तरुणीच्या मानेवर पिस्तूल टेकवलेले असताना तिच्यापुढे ध्वनिग्राहक धरून, तिला कसे वाटते आहे, असे विचारले गेले. एक पत्रकार तर वाट दाखवण्यासाठी गुन्हेगारांच्या गाडीतच बसला. महामार्गावर पोलिसांनी गाडी रोखल्यावर झालेल्या चकमकीत ती तरुणी मरण पावली. तिचे वय अठरा होते.

त्या पत्रकारांना राक्षस ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्यांतील पुष्कळजण आपापल्या घरी सज्जन माणसेच असतील. त्यांची चूक अशी की आपण केवळ पाहत आहोत, करीत काही नाही, अशी त्यांची समजूत होती. परंतु पिस्तूलधारी माणसापुढे कॅमेरा धरणे ही कृतीच आहे. त्या गुन्हेगारांना रंगमंच मिळाला, आणि रंगमंच मिळालेला माणूस भूमिका वठवू लागतो. पुढे जर्मन पत्र परिषदेने आपल्या आचारसंहितेत स्पष्ट केले की, गुन्हा चालू असताना गुन्हेगाराची मुलाखत घेऊ नये, आणि पत्रकाराने पोलीस व गुन्हेगार यांच्यामध्ये स्वतःहून मध्यस्थी करू नये.

वीस वर्षांनी हा धडा आपल्या दारात आला. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईवर झालेला हल्ला आणि पुढचे तीन दिवस आपल्यातील कोणी विसरलेले नाही. त्या तीन दिवसांत १६६ माणसे मारली गेली. हेमंत करकरे यांनी शिरस्त्राण आणि चिलखत चढवल्याचे दृश्य आपण पाहिले आणि थोड्याच वेळात ते गेल्याचेही त्याच पडद्यावर ऐकले. २८ तारखेच्या सकाळी नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरत असलेले साऱ्या देशाने पाहिले. श्वास रोखून, त्या जवानांसाठी प्रार्थना करीतच पाहिले. मात्र तेच दृश्य आणखी कोणी तरी पाहत होते. हल्लेखोरांना दूरध्वनीवरून सूचना देणारे त्यांचे सूत्रधार पाकिस्तानात दूरचित्रवाणीसमोर बसले होते, आणि पडद्यावर जे दिसे त्याची खबर ते आत अडकलेल्या मारेकऱ्यांना पुरवीत होते. २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबच्या अपिलावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणाचा स्वतंत्र परामर्श घेतला आणि वाहिन्यांना कठोर शब्दांत दोष दिला. या प्रक्षेपणाने देशाचे वा समाजाचे हित साधले नाही, स्वतःचा व्यापारी स्वार्थ साधताना सुरक्षा मात्र धोक्यात आणली, असा त्या अभिप्रायाचा आशय होता.

यानंतर दोन वर्षांच्या आतच फिलिपिन्समध्ये, आपल्यासारख्याच कॅथॉलिक कुटुंबांच्या त्या देशात, तीच चूक पुन्हा घडली. २३ ऑगस्ट २०१० रोजी मनिला शहरात बडतर्फ झालेल्या एका पोलीस अधिकाऱ्याने हाँगकाँगच्या पर्यटकांची बस ताब्यात घेतली. बसमध्ये दूरचित्रवाणी संच होता. बाहेर पोलीस काय करीत आहेत हे तो माणूस आतून पाहू शकत होता. आपल्या भावाला पोलीस ओढून नेत आहेत हे दृश्य थेट प्रसारित झाले, आणि तो अधिकच बिथरला. त्या दिवशी आठ ओलीस प्राणास मुकले. वाटाघाटी करणाऱ्या पोलिसांच्याही चुका झाल्या होत्या. परंतु घराच्या खिडकीपाशी उभे राहून चोराला आतल्यांची हालचाल सांगणारा माणूस आणि तो कॅमेरा यांच्यात परिणामाच्या दृष्टीने काय फरक राहिला?

या प्रसंगांतील भाषेकडेही पाहिले पाहिजे, कारण समीक्षेचा विषय अखेर भाषाच असतो. घटनास्थळी तासन् तास काहीच घडत नाही. पोलिसांच्या कामाचा मोठा भाग म्हणजे वाट पाहणे. पण वाहिनीला वाट पाहता येत नाही. रिकामा वेळ शब्दांनी भरावा लागतो. मग निवेदक तेच तेच पुन्हा सांगतो, ‘असे समजते’, ‘असे बोलले जात आहे’ म्हणत ऐकीव गोष्टींना बातमीची वस्त्रे चढवतो, बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसालाच आत किती माणसे आहेत म्हणून विचारतो. गोळीचा आवाज आला की त्याचा स्वर चढतो, थांबला की त्यात नकळत निराशा उतरते. कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी आई त्या भिंतींच्या आत आहे, आणि त्यांचे नातलगही कुठे तरी हेच शब्द ऐकत आहेत, याचे भान या भाषेत उरत नाही. खरे तर अशा वेळी सर्वांत प्रामाणिक वाक्य एकच असते: आम्हाला अद्याप काही माहीत नाही. परंतु ते वाक्य म्हणणारा निवेदक फार काळ टिकत नाही.

मग हे सारे बंद करावे का? प्रश्न इतका सरळ नाही. आपल्या देशात २०१५ साली केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचे थेट प्रक्षेपण करू नये; नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती द्यावी, असा तो नियम आहे. अनुभवाने शिकवलेला हा नियम योग्यच आहे. तथापि प्रत्येक पोलीस-घटनेत फक्त अधिकाऱ्याचाच शब्द ऐकावा असे ठरले, तर दुबळ्याचा शब्द कोण ऐकणार? ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्येच पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मनुष्याला केलेली अमानुष मारहाण एका रहिवाशाने आपल्या सज्जातून चित्रित केली. ती फीत दूरचित्रवाणीने दाखवली नसती, तर त्या मारहाणीची वाच्यता झाली नसती. पण त्या चित्रणात आणि आधीच्या उदाहरणांत एक मूलभूत भेद आहे. आधी पाहिले गेले, मग दाखवले गेले. मध्ये एका माणसाचा विवेक उभा होता. साक्षीदार आणि बघ्या यांच्यातला फरक हाच. बघ्या घटनेपाशी थांबतो आणि ती संपली की घरी जातो. साक्षीदार ती आपल्याबरोबर घेऊन जातो आणि तिचे उत्तरदायित्व पत्करतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी सामाजिक संपर्कमाध्यमांविषयीचा आदेश प्रसिद्ध केला. त्यातील एक विचार येथे मोलाचा आहे: बातमी खरी असणे पुरेसे नाही, ती मिळवताना आणि ती सांगताना, दोन्ही वेळी, माणसाचे हक्क आणि प्रतिष्ठा यांचा मान राखला गेला पाहिजे. कोलोनच्या त्या मोटारीतले चित्र खरे होते. त्यात काहीच खोटे नव्हते. तरीही ते मिळवण्याची रीत अधर्माची होती. याच आदेशात वाचक, श्रोते आणि प्रेक्षक यांचेही कर्तव्य सांगितले आहे, आणि ते आपण सोयीस्करपणे विसरतो. वाहिन्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण पडद्यासमोर कोणी बसलेलेच नसते तर हेलिकॉप्टर उडाले असते का?

येथे एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. २९ एप्रिल १९९२ रोजी, रॉडनी किंगला मारणारे पोलीस खटल्यातून सुटल्यावर, लॉस एंजेलिसमध्ये दंगल उसळली. एका चौकातून पोलीस मागे हटले होते. तेथे एका गोऱ्या ट्रकचालकाला खाली ओढून जमाव निर्दयपणे मारीत होता, आणि वरून हेलिकॉप्टर ते सारे थेट दाखवीत होते. असंख्य लोकांनी ते पाहिले. त्यांतील चौघे आपापल्या घरातून उठले आणि त्या चौकात जाऊन पोहोचले. ते चौघेही कृष्णवर्णीय होते. त्यांनी त्या रक्तबंबाळ माणसाला त्याच्याच ट्रकमध्ये घातले आणि रुग्णालयात नेले. तो वाचला.

थेट प्रक्षेपणाच्या बाजूने याहून मोठा पुरावा माझ्यापाशी नाही, आणि त्याच्याविरुद्धही नाही. कॅमेरा तोच, चित्र तेच. बाकीच्यांच्या दृष्टीने ते दृश्य होते, या चौघांच्या दृष्टीने तो शेजारी होता. दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. याजक आणि लेवी यांनाही तो जखमी माणूस दिसलाच होता. फरक दिसण्यात नव्हता, जवळ जाण्यात होता.

आपल्यातील प्रत्येकाला धावून जाता येणार नाही. मुंबईतील गोळीबाराकडे गावातल्या घरातून धावून जायचे तरी कसे? परंतु जेथे आपण काही करू शकत नाही तेथे निदान काही बिघडवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. मुले समोर असताना शेवट न कळलेली घटना त्यांच्यापुढे उघडी ठेवू नये. ऐकीव गोष्ट पुढे पाठवू नये; आता तर प्रत्येकाच्या हातातील भ्रमणध्वनी म्हणजेच एक प्रक्षेपण केंद्र झाले आहे, आणि घटनास्थळी प्रथम पोहोचणारा कॅमेरा पुष्कळदा आपल्यापैकीच कोणाचा तरी असतो. संच बंद करून, आत अडकलेल्यांसाठी, पोलिसांसाठी आणि हातात शस्त्र घेतलेल्या त्या भरकटलेल्या माणसासाठीही रोझरीचे एक दशक म्हणावे. सविस्तर वृत्त उद्या कळेलच. ते उद्या कळल्याने आपले काही अडत नाही.

कालवारीच्या टेकडीवरही गर्दी होती. संत लूक सांगतो की लोक पाहत उभे होते, आणि जे घडले ते पाहून झाल्यावर ते ऊर बडवीत परत गेले. मात्र गालीलाहून येशूच्या मागोमाग आलेल्या स्त्रिया होत्या. त्याही दूर उभ्या राहून पाहतच होत्या. बाहेरून पाहता गर्दी आणि त्या स्त्रिया यांत काहीच भेद दिसला नसता. पण त्या परतल्या नाहीत. कबर कोठे आहे ते त्यांनी पाहून ठेवले, सुगंधी द्रव्ये तयार केली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे जगातली सर्वांत मोठी बातमी प्रथम त्यांनाच कळली. आपल्या भिंतीवर पुढच्या वेळी असे काही दिसू लागेल, तेव्हा आपण त्या गर्दीत उभे आहोत की त्या स्त्रियांमध्ये, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्याशीच विचारून पाहावे.